अन्नांची जर्सी: पावणेतीन वर्षं अंगावर घालून

अन्नांच्या शिलाईच्या दुकानाला बोर्ड आहे, बोर्डावर नाव आहे, पण ते मी इथं घालत नाही. अन्नांनीच बजावलंय. "नाव नका टाकू सर. एप्रिल ते जून जेवायला टाइम नसतंय, त्यात आणि नवीन गिऱ्हाईक कुठं बसवू?" तेव्हा ज्याला खरंच गरज आहे त्यानं असं शोधावं: अशोक चौकाच्या आसपास ज्या गल्लीत यंत्रमागाचा खटखटाट ऐकू येतो आणि एका दाराबाहेर शाळेच्या चड्ड्यांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले दिसतात, ते. अशी चार दारं सापडतील. ज्याच्या पायरीवर अक्का बटणं लावत बसल्यात, ते आपलं.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते. इथं राहणाऱ्याला माहीत आहे की पूर्व भागात आता घरोघरी गणवेश शिवले जातात. अन्नाही मूळ गणवेशवालेच. जर्सी हा त्यांचा थंडीतला धंदा. शाळांचं काम नसतं तेव्हा टेनिस बॉल क्रिकेटच्या टीमा येतात, शिवजयंतीची मंडळं भगवे टी-शर्ट करून घेतात. फुटबॉलवाले आम्ही पहिलेच होतो, आणि बहुतेक शेवटचे.

आम्ही म्हणजे नऊ जण. रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर खेळतो, म्हणजे पळतो आणि मग चहा पितो. मी जीएसटीची रिटर्नं भरतो, एकाचं मेडिकल आहे, एक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, बाकीचे असेच. माझा मावसभाऊ २०१९ ला शिकायला इंग्लंडात गेला तो संडरलँडला. तिथून त्यानं एक लाल-पांढरा मफलर पाठवला आणि आमच्या डोक्यात हे खूळ घातलं. तिथला फुटबॉल क्लब तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये सडत होता. २०१७ ला एक पायरी खाली, २०१८ ला आणखी एक. तरी मॅचला तीस-तीस हजार माणूस येतं म्हणायचा तो. स्टेडियम जिथं आहे तिथं आधी कोळशाची खाण होती. ती १९९३ ला बंद पडली आणि तिच्या जागेवर १९९७ ला स्टेडियम उभं राहिलं. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं मोठं शिल्प आहे. त्याचा फोटो आला तेव्हा आम्ही नऊच्या नऊ जण गप्प झालो होतो. आमच्यात पाच जणांचे आजोबा मिलमध्ये होते. आमच्याकडं मिल बंद पडल्यावर त्या जागांचं काय झालं ते सोलापूरकराला सांगायला नको.

असो. जर्सीचं सांगतो.

२१ जानेवारी २०२३, शनिवार. मी आणि मेडिकलवाला दुकानात गेलो. मोबाइलवर फोटो दाखवला: लाल-पांढरे उभे पट्टे, काळी चड्डी. चड्डी नको म्हणालो. अन्नांनी फोटो बोटांनी मोठा करून नुसते पट्टे बघितले. आजकाल सगळे सब्लिमेशन करून देतात, म्हणजे पांढऱ्या कापडावर पट्टे छापून टाकतात. अन्ना म्हणाले, तुम्हाला तसं पाहिजे असेल तर बाहेरून छापून आणतो, पण मी शिवून देतो ते बघा. लाल कापड वेगळं, पांढरं वेगळं, पट्ट्या कापायच्या आणि जोडायच्या. मागचा पट्टा आणि पुढचा पट्टा बगलेत एकमेकांना भेटला पाहिजे. "चादरीत पट्टा हुकला तर मार खात होतो वडलांचा," एवढंच बोलले.

कापड डॉट निट, १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. हातात घेतलं तर बारीक ठिपक्याठिपक्यांचं, आरपार किंचित दिसणारं. माझी भीती एकच होती, लाल रंग पांढऱ्यावर उतरणार. विचारलं तर अन्नांनी उत्तर दिलं नाही. आत गेले, स्टोव्हवरचं चहाचं आधण वाटीत ओतून आणलं, लाल तुकडा पांढऱ्या तुकड्यात गुंडाळून त्यात बुडवला आणि गळ्यातली टेप काढून मेडिकलवाल्याची छाती मोजायला लागले. नऊ जणांची मापं मी कागदावर आणली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. "माणसं पोटाचं माप खोटं सांगतात सर." पाच मिनिटांनी वाटीतलं पांढरं कापड काढलं. चहाचा जरासा वास होता, लाल काही नव्हतं.

मग नाव. आमचं एकमत होतं, सगळ्यांच्या पाठीवर एकच: स्टीवर्ट, नंबर १४. रॉस स्टीवर्ट, आमचा स्ट्रायकर. उंच, काटकुळा, स्कॉटलंडचा. तिकडचे प्रेमानं त्याला 'लॉक नेसचा ड्रॉग्बा' म्हणायचे. मे २०२२ मध्ये वेम्बलीवर वायकमविरुद्ध दोन गोल झाले, त्यातला दुसरा त्याचा, आणि आम्ही चार वर्षांनी तिसऱ्या डिव्हिजनमधून वर आलो. पुढच्या सीझनला मांडीच्या दुखापतीनं सप्टेंबरपासून तीन महिने घरी बसला, डिसेंबरमध्ये परत आला आणि जणू मधे काही झालंच नाही असे गोल मारायला लागला. लीगच्या १३ मॅचमध्ये १० गोल. म्हणजे ज्या क्लबला दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या डिव्हिजनमधून निघता येत नव्हतं तो आता थेट प्रीमियर लीगची स्वप्नं बघत होता. तेव्हा वरचे दोन थेट जायचे, तीन ते सहा नंबरचे प्ले-ऑफ खेळून त्यातला एक. आम्ही त्या सहाच्या उंबऱ्याशी घुटमळत होतो. एव्हर्टनकडून उसना आणलेला दुसरा स्ट्रायकर सिम्स त्यांनी नव्या वर्षाच्या तोंडावर परत बोलावून घेतला होता. उरला स्टीवर्ट. त्याच्याशिवाय गोल कोण मारणार याचं उत्तर कुणाकडं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

नाव देवनागरीत पाहिजे हा हट्ट माझा. आकडाही '१४' असाच, मराठी. अन्नांकडं स्टिकर कापायचं मशीन आहे, रबरासारखं शीट त्यातून अक्षराच्या आकारात कापून निघतं आणि गरम प्रेसनं कापडावर बसतं. इंग्रजी अक्षरं त्यात पटापट येतात. 'स्टीवर्ट' टाकलं तर मशीननं 'स' अर्धा करायचं नाकारलं, पाय मोडलेला स, मग ट, मग रफार कुठंतरी हवेत. अन्नांच्या मुलीनं, बारावीला होती तेव्हा, दुसऱ्या फॉन्टमध्ये करून, चित्र बनवून, ते चित्र कापायला लावलं. दीड तास गेला. त्याचे पैसे लावले नाहीत. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितोय.

हिशोब: जर्सी ४२०, छपाई ७०. नऊ नगांचे ४४१०. वर पाच टक्के जीएसटी २२० रुपये ५० पैसे. अन्नांनी पक्कं बिल दिलं, नंबरसकट, मी तिथंच तपासलं (सवय). पन्नास पैसे सोडले. दोन हजार ॲडव्हान्स. तारीख दिली ३० जानेवारी.

आता २८ जानेवारी.

शनिवार होता, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून उठायचा होता. घरची मंडळी घेऊन आम्ही चौघं होम मैदानावर. एफए कपची मॅच होती फुलहॅमविरुद्ध, आपल्याकडं रात्री साडेआठला. आमच्या क्लार्कनं सुरुवातीलाच गोल मारला तेव्हा मी आकाशपाळण्याच्या रांगेत उभा होतो आणि बायकोनं विचारलं, काय झालं ओरडायला. गर्दीत नेटवर्क म्हणजे बोंब. स्कोअरचं ॲप गोल गोल फिरत राहायचं, मग एकदम तीन-चार गोष्टी सांगून मोकळं व्हायचं. पाळणा वर गेला. वरून सिद्धेश्वराच्या तळ्याकडचे दिवे दिसत होते, मुलगा माझ्या मांडीत तोंड खुपसून बसला होता आणि अगदी वर, जिथं पाळणा दोन मिनिटं थांबवतात, तिथं नेटवर्क आलं. 'स्टीवर्ट बाहेर.' एवढंच. मी म्हटलं बदली केली असेल, लीगसाठी राखून ठेवला असेल. खाली उतरलो तर मेडिकलवाला भज्यांच्या गाड्यापाशी फोन कानाला लावून उभा, दुसऱ्या हातात प्लेट तशीच. मावसभाऊ बोलत होता तिकडून. "टाच धरून बसलाय म्हणे," मेडिकलवाला म्हणाला. मग स्वतःच: "टाच म्हणजे वाईट."

त्या रात्री आमच्या ग्रुपवर जे झालं ते वाचलं की आज हसू येतं. प्राध्यापक म्हणाला साधी मुरगळ आहे, आठवड्यात येतो. एक जण रातोरात हाडांचा डॉक्टर झाला आणि टाचेमागच्या शिरेची चित्रं टाकायला लागला: पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारी ती जाड दोरी, तुटली की माणसाला पंजावर उभं राहता येत नाही, सहा ते नऊ महिने पकडा. एकानं उरलेल्या मॅचेस आणि लागणारे पॉइंट मांडले, माझ्यापेक्षा चांगला ताळेबंद. एक जण नुसता 'नाही', 'नाही', 'नाही' असं लिहीत होता, प्रत्येक 'नाही' वेगळ्या मेसेजमध्ये. आणि साडेअकराला, अपेक्षेप्रमाणे, बँकेतल्याचा मेसेज आला:

"ऑर्डर कुणी दिलती बे?"

तिथून सगळे माझ्यावर. जेमतेम सात दिवस झाले ऑर्डर देऊन आणि माणसाची टाच गेली. नऊ पाठींवर एकच नाव कशाला लिहायचं, नजर लागते. आधी माप घ्यायचं, मग नाव ठरवायचं असतं. इथपर्यंत की मराठीत लिहिल्यामुळं झालं. मी म्हटलं, मांडी दुखली तेव्हा कुठं जर्सी होती? त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं, पण पनवती मीच ठरलो. अजून आहे.

रविवारी मैदानावर कुणी खेळलं नाही. चहाच्या टपरीवर मतदान झालं. पाच जण म्हणाले नाव बदला. कुणाचं टाकायचं यावर पाच जणांची चार मतं: दोघं अमाद म्हणत होते, मँचेस्टर युनायटेडकडून उसना आलेला पोरगा. एक क्लार्क. एक जण लीड्सकडून नुकत्याच लोनवर आणलेल्या गेलहार्टवर अडून, कारण आता स्ट्रायकर म्हणून तोच उरलाय. आणि एक जण म्हणाला स्वतःचीच नावं टाकू, आपण तरी जखमी होणार नाही. त्याचा गुडघा दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर गेलाय.

मी अन्नांना फोन लावला, स्पीकरवर.

"अन्ना, छपाई थांबवा."

"का? पैशाचं काय अडचण हाय का?"

"नाही हो. ज्याचं नाव टाकतोय त्याला लागलंय. सीझन संपला बहुतेक त्याचा."

पलीकडं मशीनचा आवाज. मग अन्ना: "म्हणजे मेला नाही ना?"

"नाही नाही."

"मग? त्याची शीर तुटली म्हणून मी कटिंग तोडू काय? नावं निघालीत सगळी. नवीन नाव म्हणजे नवीन शीट, नवीन कटिंग, पोरगी परत दीड तास बसणार, परीक्षा हाय तिची. नगाला चाळीस रुपये पडतील. सांगा."

नऊ गुणिले चाळीस, तीनशे साठ. मी फोन म्यूट केला आणि म्हटलं नाव तेच राहील. पुढं दोन वर्षं आमच्यातले काही जण ही गोष्ट अशी सांगतात की बघा, खेळाडू पडला तरी आम्ही त्याची साथ सोडली नाही. साथ वगैरे काही नाही. तीनशे साठ रुपये आणि बारावीची परीक्षा.

निदान पक्कं झालं. टाचेमागची ती शीरच, ॲकिलीस, पूर्ण सीझन बाहेर. ट्रान्सफर विंडो ३१ जानेवारीला तिकडं रात्री अकराला बंद होणार, म्हणजे आपल्याकडं १ तारखेची पहाट, साडेचार. आम्ही जागलो. कुणीतरी आणतील, कुठूनही, कुठल्याही क्लबच्या बाकावरचा, चालतोय. मेडिकलवाला दर दहा मिनिटांनी 'काय आलं का बे' विचारायचा. साडेचार वाजले. स्ट्रायकर कुणी आला नाही. सहाला दूधवाला आला.

इकडं अन्नांची तारीखही गेलेली. ३० ला गेलो तर "छपाई बाकी हाय". २ ला गेलो तर प्रेसचं कॉइल जळालेलं. ५ ला दुकान बंद, घरात लग्न. कारणं खरी असतील, मी नाही म्हणत नाही, पण एक फोन करायला काय हरकत होती? तिन्ही वेळा मी जुळे सोलापुरातून पेट्रोल जाळून गेलोय. जर्सी हातात पडल्या ९ फेब्रुवारीला. त्याच पहाटे फुलहॅमविरुद्धची परतीची मॅच २-३ हरून आम्ही कपातून बाहेर पडलो होतो. डोळे चुरचुरत होते आणि अक्का एकेक जर्सी झटकून घडी घालून देत होत्या.

शिलाईला मात्र तोड नाही. बगलेत पट्टा पट्ट्याला असा मिळालाय की जोड शोधावा लागतो. गळ्याला रिब, खांद्याला आतून पट्टी, खालची कड दुहेरी. आतल्या बाजूनं ओव्हरलॉकचा एक धागा कुठं लोंबत नव्हता. विकतच्या महागड्या जर्सीत मी लोंबते धागे बघितलेत. मापं चोख, पोटाशी थोडी ढिली सोडलेली, न विचारता.

आणि मेडिकलवाल्याच्या जर्सीवर नंबर ४१.

अन्नांनी चष्मा वर केला, बघितलं, अक्कांकडं बघितलं. अक्का तेलुगूत काहीतरी बोलल्या, त्यातलं 'मीरु' सोडून मला काही कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता, माझ्या घरीही असाच असतो. उतरवून परत लावून दिला, फुकट, दहा मिनिटांत. पण एकदा चिकटलेलं शीट काढलं की डिंकाची छाया राहते. आजही उन्हात उभा राहिला की १४ च्या मागं ४१ दिसतो. मेडिकलवाला म्हणतो माझी जर्सी ओरिजिनल आहे, तुमच्या सगळ्यांच्या कॉपी.

वापराबद्दल. सोलापूरचा एप्रिल-मे हीच खरी परीक्षा, लॅबमध्ये काय तपासायचं ते तपासा. ८ मे ला सीझनची शेवटची मॅच होती, प्रेस्टनला, आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला. प्राध्यापकाच्या गच्चीवर बसलो. फरशी दिवसभर तापलेली, चटईतून चटका लागत होता. आम्ही जिंकलोच पाहिजे आणि वर मिलवॉल जिंकता कामा नये असं गणित. आम्ही ३-० नं पुढं, आणि तिकडं मिलवॉल हाफटाइमला ३-१ नं आघाडीवर. ब्लॅकबर्ननं ते ४-३ केलं. गच्चीवर नऊ घामेजलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि खालून प्राध्यापकाच्या आईनं पाणी भरायला लागलं का विचारलं. ६९ पॉइंट, सहावा नंबर, स्ट्रायकरशिवाय. घाम कापडातून बाहेर येतो आणि सुकतो, अंगाला चिकटत नाही, एवढं मी त्या रात्रीच्या अनुभवावर लिहून देतो. एकच खोड: वाळल्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर मिठाचे नकाशे उमटतात. धुतले की जातात.

प्ले-ऑफमध्ये ल्युटन. घरी २-१ जिंकलो. तोवर मधले डिफेंडरही दवाखान्यात जमा झालेले. परतीची मॅच १६ मे ची, आपल्याकडं साडेबारा वाजून गेल्यावर. ल्युटननं हाफटाइमच्या आतच दोन्ही गोल मारले, दुसरा हेडरनं, आमच्याकडं त्या उंचीला उडी मारणारं कोणी नव्हतं. पुढं हवेत बॉल गेला की सगळ्यांच्या माना एकदम वर व्हायच्या आणि खाली यायच्या. तिथं सहा फूट काही इंचांचा एक माणूस पाहिजे होता, तो कुबड्यांवर किंवा कुठंतरी बसला असेल. ०-२. एकूण २-३. त्या रात्री मी जर्सी न काढताच झोपलो. झोपायला बरी आहे, शिवण टोचत नाही.

आता दोष. मोठा दोष. रफार.

'स्टीवर्ट' मधला रफार शिरोरेषेच्या वर एका बारीक देठावर उभा असतो. शीट तिथं जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. चौथ्या-पाचव्या धुण्यात त्याचं टोक उचललं गेलं. आधी नखाएवढं. मग मशीनमध्ये दुसऱ्या कपड्यांना अडकून तो पुरता निघाला आणि मला माझ्याच ऑफिसच्या शर्टाच्या खिशावर चिकटलेला सापडला. पाठीवर राहिलं 'स्टीवट'. जूनपर्यंत नवातले सहा जण 'स्टीवट' झाले होते. मी रफार पाकिटात घालून घेऊन गेलो. अन्नांनी प्रेस लावून बसवून दिला, पैसे नाही म्हणाले, आणि सांगितलं की उलटी करून धुवा, ड्रायरमध्ये टाकू नका, इस्त्री वरून फिरवू नका. हे आधी सांगायला पाहिजे होतं. मी हे तिथं बोललो. "विचारलं नाही तुम्ही," म्हणाले.

तेव्हा कुणाला देवनागरीत नाव हवं असेल तर शीट करू नका. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करून घ्या, महाग पडते पण रफार, वेलांटी, अनुस्वार जागच्या जागी राहतात. नाहीतर असं नाव निवडा ज्याला वर काही नाही. अमाद चाललं असतं. त्या दोघांचं ऐकायला पाहिजे होतं.

स्टीवर्ट आमच्यासाठी परत कधी खेळलाच नाही. १ सप्टेंबर २०२३ ला साउदॅम्प्टनला विकला. ग्रुपवर परत तोच विषय, नाव काढा. बँकेतल्यानं नखानं खरवडायचा प्रयत्न केला, आणि मी कौतुकानं सांगतो, रफार सोडून बाकी एकही अक्षर हललं नाही. शेवटी त्यानं वरून काळी चिकटपट्टी लावली. ती दोन रविवारांत पडली.

२४ मे २०२५, वेम्बली, प्ले-ऑफची फायनल, शेफील्ड युनायटेड, आपल्याकडं साडेसात. त्या आधी आम्ही लीगच्या शेवटच्या पाच मॅच ओळीनं हरून आलेलो आणि कोव्हेंट्रीविरुद्ध बॅलर्डनं १२२ व्या मिनिटाला डोक्यानं गोल मारून आम्हाला फायनलला नेलेलं, त्यामुळं कुणाचं काळीज जागेवर नव्हतं. नवातल्या आठ जर्सी हजर होत्या. एक पुण्याला गेलेल्या गड्याबरोबर गेली, एक बँकेतल्याच्या आईनं स्कूटर पुसायला काढली होती, ती त्यानं धुऊन परत आणली, म्हणून आठ. नाहीतर सातच. शेफील्डचा गोल पंचविसाव्या मिनिटाला. ७६ व्याला आमचा मायेंडा. आणि भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला टॉमी वॉटसन, एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याचं ब्रायटनला जायचं आधीच ठरलेलं. त्यानं बॉक्सबाहेरून खालच्या कोपऱ्यात बॉल ठेवला तेव्हा मेडिकलवाल्यानं मला मागून जर्सीला धरून उचललं. पूर्ण माणूस, पंच्याऐंशी किलो. शिवण उसवली नाही. खांद्याची आतली पट्टी कशासाठी असते ते त्या दिवशी समजलं.

गुण द्यायचे तर कापड आणि शिलाईला पाचपैकी पाच, छपाईला दोन, दिलेल्या शब्दाला दीड. किंमत तेव्हा वाजवी होती, आता जर्सी ५२० सांगतात, छपाई वेगळी, जीएसटी आजही पाच टक्के. एप्रिल, मे, जूनमध्ये जाऊ नका, उभं करणार नाहीत. तारीख जी सांगतील तिच्यात दहा दिवस मिळवा आणि निघायच्या आधी फोन करा. यूपीआय चालतं. माप तिथंच जाऊन द्या, कागदावर नाही. आणि नंबर घरी न्यायच्या आधी वाचून घ्या.

गेल्या आठवड्यात माझा रफार तिसऱ्यांदा निघाला. पाकिटातच ठेवलेला होता. दुपारी गेलो तर अन्ना एकटेच, अक्का आत झोपलेल्या. चिमट्यानं रफार उचलून देठ जिथं होता तिथं नेमका टेकवला, वर बटर पेपर ठेवला आणि प्रेस खाली घेता घेता विचारलं:

"हे माणूस खेळतंय का अजून?"

"खेळतो की. दुसऱ्या गावात."

"पाय बरा झाला मग."

"झाला."

"बरंय," म्हणाले आणि हँडल दाबून धरलं. पंधरा सेकंद. या वेळी दहा रुपये घेतले.